उडणाऱ्या माणसाचं गाणं

आमच्या आष्ट्याच्या पेठेत मी तात्यांना हाक मारली, तर ते लगेच थांबत नसत. आधी चार पावलं पुरी करत, टाच आपटत आणि मग वळून म्हणत, "बोला, गुरुजी." एकदा त्यांच्या मागे बैल उधळला. लोक ओरडले, "तात्या, सरका!" तात्या आधी चार पावलं पुरी करायला लागले. शेवटी बैलानंच वाट बदलली.

पलटणीच्या बँडात वीस वर्षं ट्रंपेट वाजवून तात्या पेन्शनीत आले आणि गावात त्यांनी लग्नाचा बँड काढला. "आदी पाऊल, मंग सूर," असा त्यांचा खाक्या. वरातीत घोड्याचं पाऊल चुकलं की बँड बंद. एका नवरदेवाला तर त्यांनी घोड्यावरून उतरवलं आणि मारुतीच्या देवळापर्यंत डावा-उजवा करत चालवलं. मुहूर्त टळला, भटजी चिडले. नवरदेव मात्र अजून ताठ चालतो. एवढा नावाजलेला बँड, पण परगावची सुपारी घेत नसे. "मला भायेरचं पानी बाधतं," असं तात्या सांगत. आम्ही त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत होतो.

मी शाळेत मास्तर; माझी खोली त्यांच्या भिंतीला लागून. तात्यांच्या बायकोला, अनसूयावहिनींना, मी आवाजानंच ओळखायचो. तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून त्या कुणासमोर येत नसत.

एका लग्नात कोल्हापूरच्या एका सिनेमावाल्यानं हा बँड ऐकला आणि तो थेट तात्यांच्या दारात आला. त्याच्या सिनेमातला हिरो दिवसा साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करायचा आणि गावावर संकट आलं की पाठीला तांबडं कापड बांधून फडावरनं उडायचा. या हिरोसाठी सिनेमावाल्याला गाणं हवं होतं. "पॉप पाहिजे, तात्या. पोरं खुर्च्या सोडून नाचली पाहिजेत!"

तात्या हरखले. "गुरुजी, जल्मभर दुसऱ्याची गानी वाजवली. एक तरी आपलं गानं लोकांनी वाजवावं, मंग काय बी मागनं न्हाई."

पण दुसऱ्याच दिवशी तोंड उतरवून आले. "मानूस उडतोय. पाऊलच न्हाई, तर ताल कुटनं काडू?"

दोन दिवस ते शाळेच्या मैदानात उताणे पडून घारी बघत होते. "लय आळशी पाखरू! नुसतं तरंगतंय." मग मला विचारलं, "गुरुजी, उडताना मानूस पाय हालवत आसंल का?" मी म्हटलं, मला अनुभव नाही. ते रागावले. शिकलेल्या माणसाला एवढंही ठाऊक नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ओरडा आला, "गावलं!" मी धावत गेलो. अनसूयावहिनी चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि तात्या त्यांच्या समोर बसून आपल्या मांडीवर थापा मारत होते. "आयका, गुरुजी! थप थप, थपक थप! पाय नसंना, हात हायती की!"

"आवं, पीठ सांडतंय," वहिनी म्हणाल्या आणि मला बघून त्यांनी पटकन पदर पुढे ओढला.

संध्याकाळपर्यंत गाणं झालं:

ये रं गड्या, उतर खाली,
तव्यावरची भाकर झाली!

सिनेमावाला गाणं ऐकायला आला तेव्हा आधी हसला. गाव वाचवणाऱ्याला भाकरीची हाक? पण दुसऱ्या ओळीला तो स्वतःच मोटारीच्या टपावर थापा मारायला लागला. गाणं पसंत पडलं. कोल्हापुरात तीन दिवस रेकॉर्डिंग, तात्यांनी बँड घेऊन यायचं.

"न्हाई जमायचं," तात्या म्हणाले. "गानं दुसऱ्या कुनाकडनं वाजवून घ्या."

सिनेमावाला गेला आणि मी तात्यांवर उखडलो. "वीस वर्षं मुलूखभरचं पाणी प्यालात, आता कोल्हापूरचं बाधतं होय?"

तात्या उंबऱ्यावर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "पानी न्हाई वो बाधत. तिला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी लागती, न्हाईतर पाठीला जखमा व्हत्यात. दुसऱ्या कुनाला ती हात लावू देत न्हाई."

"मग त्यांनाही घेऊन जा."

"तीन वर्सं तेच इनवतोय, गुरुजी. लोकांम्होरं उचलून न्यायची तिला लाज वाटती. सनाला बी उंबरा वलांडला न्हाई."

मला माझीच लाज वाटली. या माणसाला मी तऱ्हेवाईक समजत होतो. तेवढ्यात आतून आवाज आला.

"गुरुजी, कोल्हापूरची यष्टी कवा हाय?"

"सकाळी आठला," मी म्हणालो. तात्या उठून आत गेले आणि मी सिनेमावाल्याला निरोप धाडायला निघालो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी वहिनींना पाठुंगळी घेतलं. मागे बँडवाले, सगळ्यात शेवटी पिशव्या घेऊन मी. पेठ दुकानांच्या पायऱ्यांवर उभी होती. वहिनींनी तात्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. कुणी हसलं नाही. न्हाव्याच्या दुकानातली म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "लय दिसांनी दिसलीस गं, अनसूये!" तेव्हा वहिनींनी मान वर केली आणि स्टँड येईपर्यंत ती पुन्हा खाली घातली नाही.

कंडक्टरनं दाराजवळचं बाक मोकळं केलं. "हितं बसवा, तात्या. चढ-उताराला सोपं."

"आवं, तितं नगं," वहिनी म्हणाल्या. "मला खिडकीला बसवा."