ठमाबायचा डिस्पनिया

आमच्या पनवेलच्या गल्लीत धाप पुष्कळांना लागायची, पण डिस्पनिया फक्त ठमाबायला. डॉक्टरांच्या तोंडून उचललेला तो शब्द ती असा ठणकावून म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपल्या साध्या खोकल्याची लाज वाटावी!

रोज सकाळी नवऱ्याबरोबर ती मासळी बाजारात निघायची. हिरूदादा म्हणजे बंदरावर मिठाच्या गोणी वाहिलेला गडी. वय झालं तरी मान ताठ. चार घरं ओलांडली, की ठमाबाय दिसेल त्या ओट्यावर बसकण मारायची. "थांबा वो! मना डिस्पनिया उठलाय!" मग हिरूदादा भिंतीला टेकून अख्ख्या गल्लीला ऐकवायचे, "हिच्यासंगं बाजारात पोचंपर्यंत मासली सुकंल!"

गल्लीनं तिच्यावर डॉक्टरकी केली नसती तरच नवल. मी अडुळशाचा काढा दिला, समोरच्या घरातल्या खालाजाननी मधातलं आलं दिलं. बाई सगळं घरी न्यायची.

एका दुपारी मांजरानं तिचं पापलेट पळवलं. अगंबाई, काय धावली! गल्लीच्या टोकापर्यंत गेली, कुंपणावरून उडी टाकली, पापलेट सोडवलं आणि येता येता मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मध्ये श्वासही न घेता. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"ठमाबाय, आणि तुमचा डिस्पनिया?"

तिनं मला ओढतच आत नेलं. "वरडू नको गं बाय! डिस्पनिया यांना हाय. डॉक्टर मनाच बोलले, चालताना दम खाऊ द्या, नायतर जीवावर बेतंल. पन हे कुनासमोर थांबतील? मेले तरी नाय! म्हनून मी बसते."

"आणि काढे?"

"माजं उरलंय असं सांगून यांना पाजते. शिव्या देत पितात."

मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

संध्याकाळी मी ओट्यावर वाल सोलत होते. हिरूदादा आले, गल्लीत कुणी नाही असं बघून जवळ बसले. आवाज एवढासा.

"मास्तरीनबाय, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, ही वाचंल ना वो? हिच्याबगर मना कोन हाय?"

अख्ख्या गल्लीला ऐकवणारा तो माणूस खांद्यावरच्या पंच्याचं टोक पिळत होता. खरं ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

"वाचेल की! चांगली शंभरी गाठेल. फक्त तुम्ही तिच्याबरोबर हळू चाला, आणि ती बसली की तुम्हीही बसा."

त्यांनी पंच्यानं डोळे पुसले.

"तिच्यासाटी बसंन," ते म्हणाले.