गडद पानाचे पाच गुण

सिगार कडक आहे की सौम्य, हे ठरवण्याचं काम सरकारनं माझ्या जिभेकडे सोपवलेलं आहे. मी तंबाखू प्रत-निर्धारण कार्यालयात कडकपणा परीक्षक आहे, आणि येत्या मार्चमध्ये माझ्या टेबलाला बावीस वर्षं पुरी होतील. "याची नोकरी काय, तर बसून सिगार ओढायची," असं माझे मेहुणे चारचौघांत सांगतात. त्यांना काय जातंय बोलायला. सिगार तीन भागांत ओढायची, धूर छातीत न नेता तोंडात घोळवायचा, थोडा नाकावाटे सोडायचा, प्रत्येक भागानंतर कोमट पाण्यानं चूळ भरायची. मग डोकं हलकं झालंय का, पोटात कालवतंय का, उचकी येतेय का, याची स्वतःजवळ प्रामाणिकपणे चौकशी करून एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे सौम्य, पाच म्हणजे अतिकडक. त्या गुणांवर डब्याचा शिक्का ठरतो.

अशी जीभ तळहाताच्या फोडासारखी जपावी लागते. आमच्या घरात बावीस वर्षं मिरची नाही, मसाला नाही आणि मीठ नावापुरतं. बायको माहेरी गेली की पोटभर जेवून येते. मुलीनं लग्न ठरताना मुलाला एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे तिखट खातात ना?" तो हो म्हणाला आणि बैठक तिथेच संपली.

तर नमुना क्रमांक चारशे बारा. वरचं पान काळंकुट्ट, नुकतंच बुटाला पॉलिश केल्यासारखं चकचकीत. कारखान्यानं 'अतिकडक'चा शिक्का मागितला होता. आम्ही पाच परीक्षक पाच टेबलांवर बसलो. माझ्या शेजारी बसतो त्याला सगळं कार्यालय अनुमोदक म्हणतं, कारण पहिलं मत त्यानं आजवर कधी दिलेलं नाही. त्यानं नमुना उचलला, उजेडात धरला आणि पेटवायच्या आधीच खोकला.

मी ओढली. पहिल्या भागात भाजलेल्या साखरेसारखी गोडसर चव. दुसऱ्यात तीच, जरा कॉफीकडे झुकलेली. तिसरा भाग संपला तरी डोकं जागेवर होतं, पोटही जागेवर होतं. मी दोन गुण लिहिले. बाकी चौघांनी पाच लिहिले. इतरांपेक्षा दोनहून जास्त गुणांचा फरक पडला की कलम नऊ लागतं, त्यामुळे साहेबांनी बोलावलं.

"नमुना पाहिलात का तुम्ही?"

"साहेब, ओढला."

"ते ठीक आहे हो. पाहिलात का?"

"पाहिला. काळा आहे."

"मग?"

मी समजावून सांगितलं. पान ढिगात जास्त दिवस मुरवलं की काळं होतं, आणि चवीला उलट गोडसर येतं. कडकपणा असतो आतल्या भरणीत. झाडाच्या शेंड्याची पानं भरली तर कडक, बुडाची भरली तर सौम्य. वरचं पान म्हणजे नुसता अंगरखा. साहेबांनी सगळं डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे गेल्या सात वर्षांत आपण काळ्याला दिलेले शिक्के चुकीचे, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं एवढंच की हिला दोन."

"तसं लिहून देऊ नका," साहेब कळवळून म्हणाले. "लिहून दिलंत तर मला वाचावं लागेल."

कलम नऊमध्ये जिव्हा-पडताळणी असते. कार्यालयाच्या डॉक्टरांनी मला जीभ बाहेर काढायला लावली, पट्टीनं मोजली, बॅटरीच्या उजेडात पाहिली आणि एकपानी अर्ज भरला. लांबी, रुंदी, रंग.

"डॉक्टर, चवीचं काही विचारणार नाही?"

"चवीचा रकाना नाही," ते म्हणाले. माणूस सरळ होता, रकाना असता तर नक्की विचारलं असतं.

अहवालात लिहिलं होतं, 'जीभ: आहे. रंग: फिकट गुलाबी.' हा कागद साहेबांकडे गेला. रंगाबाबत आमच्या कार्यालयात नियम एकच आहे, गडद ते कडक आणि फिकट ते सौम्य. त्यानुसार माझी जीभ 'सौम्य' ठरली, आणि सौम्य जिभेला अतिकडक नमुना तपासण्याचा अधिकार नाही. अनुमोदक दिवसाला बारा कप काळी कॉफी पितो. त्याची जीभ 'अतिकडक' ठरली आणि तिचा फोटो सूचनाफलकावर लागला. मला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात जीभ सुधारली नाही तर बदली काडेपेटी कक्षात. तिथे काड्या पेटतात की नाही, हे न पेटवता तपासतात.

घरी बायकोनं कागद दोनदा वाचला.

"सौम्य?"

"अगं, त्यांनी रंग बघितला."

"बावीस वर्षं या घरात मिरची आली नाही. कशासाठी? या जिभेसाठी. पाहुणे यायचे बंद झाले. पोरीनं तिखट बघून नवरा केला. आणि आता ही सौम्य?"

मला फार वाईट वाटलं. काडेपेटी कक्षाचं काही नव्हतं, मी तिथेही डोळे मिटून बसलो असतो. पण हिनं बावीस वर्षं गिळलेला अळणी घास फुकट गेला असं सहीशिक्क्यानिशी कागदावर येणार, हे मला सोसवेना.

"एक तर पाच लिहून मोकळे व्हा," ती म्हणाली, "नाहीतर खरं ठरवून या. मधलं काही नको. आणि निकाल काही लागो, त्या दिवशी भाजी मी माझ्या मनासारखी करणार."

मी अर्ज केला, की पाचही परीक्षकांचे डोळे बांधून नमुना पुन्हा तपासावा. असा अर्ज पूर्वी कुणी केलेला नसल्यामुळे तो नाकारायचा नियम नव्हता, म्हणून मंजूर झाला. दप्तरखान्यातून फाइली बांधायची फडकी आली. दोन नमुने ठेवले. एक चारशे बारा. दुसरा सत्त्याण्णव, फिकट पिवळसर पानाचा, पण आत शेंड्याची पानं ठासून भरलेली. बाजारात तो कित्येक वर्षं 'सौम्य' शिक्क्यानं विकला जातो आणि लोक प्रकृतीला दोष देतात.

आधी सत्त्याण्णव दिला. तिसऱ्या झुरक्याला शेजारून उचकी ऐकू आली. मग टेबल हललं. "पाच," अनुमोदकाचा आवाज आला, "पाच लिहा, आणि कुणीतरी पाणी आणा." त्याला सावरून चारशे बारा हातात दिली. तो शांत झाला. खुर्चीत मागे टेकल्याचा आवाज आला. "ही छान आहे. दुपारच्या चहाबरोबर चालेल. दोन." आयुष्यात प्रथमच त्यानं सगळ्यांच्या आधी मत दिलं होतं, तेही एकदा नव्हे, दोनदा. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. फडक्याच्या आत माझे डोळे भरून आले.

दोन तासांत अहवाल निघाला. 'डोळे झाकताच पाचही परीक्षकांच्या जिभा एकाच वेळी निकामी झाल्याचे निदर्शनास आले. सबब फडक्यांची चौकशी करण्यात यावी. नमुना सत्त्याण्णव याने फिकट रंग धारण करून कडकपणा लपवल्याचे दिसत असल्याने त्याच्याकडून खुलासा मागवावा. तसेच नमुना पेटवल्यास त्याची पांढरी राख होऊन निर्णयात संभ्रम होतो, तरी यापुढे नमुने पेटवू नयेत.'

साहेबांनी मला आत बोलावलं. रागावले नव्हते. "फडकी काढल्यावर चौघांच्या जिभा पूर्ववत झाल्या. तुमचीच तेवढी राहिलीय. घ्या, उजेडात नीट बघा."

चारशे बारा त्यांनी माझ्यासमोर ठेवली. शेजारी गुणांचा कोरा तक्ता ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं, आणि त्या उन्हात ती खरोखरच फार काळी दिसत होती. अनुमोदक दाराशी उभा होता. "लिहा हो," तो हळूच म्हणाला, "मीसुद्धा लिहिलेत परत."

मी पाच लिहिले. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. पण लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं.

संध्याकाळी बायकोनं माझा चेहरा बघून ताट वाढलं. बटाट्याची भाजी होती, लालभडक. वर तेलाचा तवंग, कडेनं रस सुटलेला, ताटाला लाल रेघ उमटलेली. बावीस वर्षांत या घरात असा रंग पाहिला नव्हता. मी घास घेतला आणि जोरात ठसका लागला. कानशिलं तापली, कपाळाला घाम फुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पाण्याचे दोन पेले घटाघटा प्यायलो.

"जरा बेतानं घालायचं," मी कसाबसा म्हणालो.

"काय बेतानं? बीट?"

मी ताटावरच्या लाल रेघेकडे बोट दाखवलं.

"मिरची घातलेलीच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सवय नाही, म्हटलं आज नुसता रंग करू. मिरची हळूहळू." तिनं एक घास स्वतः खाऊन पाहिला. "अळणीच तर आहे."

मग तिनं माझा रिकामा पेला बाजूला सरकवला. "खरी जीभ होती हो तुमची," ती म्हणाली आणि माझं ताट उचलून आत घेऊन गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी डॉक्टरांनी जीभ पुन्हा तपासली. बिटानं ती अजून लाल होती. 'रंग: गडद' असा शेरा मिळाला, साहेबांनी माझ्या जिभेला 'कडक' प्रत दिली आणि मी माझ्या टेबलावर परत आलो. आता काम हलकं आहे. पेटवायचं नाही, नुसतं बघायचं.

तुम्ही मला हसाल. खुशाल हसा, मेहुणेही हसतात. पण एक करा, मागं जाऊन ती भाजी पुन्हा वाचा. मी लाल रंग लिहिलाय, तवंग लिहिलाय, मला लागलेला ठसका लिहिलाय. ती तिखट होती असं कुठेही लिहिलेलं नाही. पाच गुण तुम्हीच दिलेत.