अध्यक्ष उठेनात

टेलरताईंनी जाहीर केलं, की या खेपेस शाळा मंडळाला सोडायचं नाही. त्यांनी एकदा ठरवलं की घरात कुणी वाद घालत नाही. त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर, पण घरात त्यांनी कधी हॉर्न वाजवल्याचं कुणाला आठवत नाही.

भानगड होती पहिलीच्या वर्गातल्या बाकांची. फळ्या उचकटलेल्या, खिळे वर आलेले. ताईंची नात धड फ्रॉक घालून जायची आणि मागे खिडकी पाडून घेऊन यायची. बाकीच्या आयाही फाटके कपडे घेऊन ताईंच्या शिलाईच्या दुकानात रांग लावायच्या. धंद्याला ते बरंच होतं, पण परवा एका मुलीच्या मांडीत खिळा घुसला आणि टाके घालायची वेळ डॉक्टरांवर आली, तेव्हा ताईंचं डोकं फिरलं. मंडळाचं उत्तर मात्र वर्षभर एकच: विषय विचाराधीन आहे.

"तुम्ही विचार जिथे बसून करता, तिथेच चुकतंय," अध्यक्षांच्या गुबगुबीत खुर्चीसमोर उभं राहून ताईंनी सुनावलं. "पुढची सभा पहिलीच्या वर्गात घ्या."

मागे दाराबाहेरपर्यंत पालक उभे होते. अध्यक्षांना नाही म्हणता आलं नाही.

सभेला वर्ग खच्चून भरला. मंडळाचे सदस्य शहाणे, ते भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्षांना मात्र लोकांत मिसळण्याची हौस. ते हसत हसत, पोट आत ओढून, पहिल्या बाकावर बसले. गुडघे कानांशी आले. फोटो निघाला. मग त्यांनी बाकांसाठी एक उपसमिती नेमली, सभा संपल्याचं सांगितलं आणि ते उठू लागले.

चर्र.

आवाज अगदी बारीक होता. भरल्या वर्गात तो ओळखला फक्त टेलरताईंनी, त्यांचा जन्मच त्या आवाजात गेला होता. अध्यक्ष चटकन खाली बसले. दोघांची नजरानजर झाली.

"उठताय, की आणखी थोडं बोलायचं?" ताईंनी मायेनं विचारलं.

"बोलूया की," अध्यक्ष म्हणाले.

मग काय विचारता. पाण्याची टाकी निघाली, गळकं छप्पर निघालं, मुलींच्या स्वच्छतागृहाची तुटकी कडी निघाली. अध्यक्ष एकेकाला सविस्तर उत्तर देत होते, कारण जाणार कुठे? दाराबाहेरच्या लोकांना एवढंच कळलं, की अध्यक्ष उठत नाहीयेत. फाटकापर्यंत त्याचं 'उठू देत नाहीयेत' झालं आणि रस्त्यापलीकडच्या सलूनपर्यंत 'टेलरताईंनी बाकाला बांधून घातलंय' झालं. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली. तिच्यामागे बस आली. यजमान धावत आत शिरले, आणि मजा बघायला मिळतेय म्हटल्यावर बसमधले सगळे उतारूही.

फौजदारांनी विचारलं, साहेबांना कुणी डांबलंय? सगळा वर्ग ताईंकडे बघायला लागला.

"हिला नेणार असाल तर मलाही न्या," यजमान पुढे होऊन म्हणाले. "फक्त बस डेपोत लावून येतो."

इतक्या वर्षांच्या संसारात ताईंना नवऱ्याचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं. एका वाक्यात त्यांची सुटका होती. पण गिऱ्हाइकाचं फाटलेलं चारचौघांत सांगायचं नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम. त्यांनी मुकाट पिशवी उचलली.

शेवटी अध्यक्षांनीच घसा खाकरला. "मला कुणी अडवलेलं नाही. बाकांचा निर्णय झाल्याशिवाय मीच उठणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंतीला टेकलेल्या सदस्यांनी भराभर हात वर केले. ठराव मंजूर. ताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि पिशवीतून सुईदोरा काढला.

"आता हलू नका."

अध्यक्ष हलले नाहीत.

नवे बाक आले तेही झटपट. गुळगुळीत, खिळा औषधालाही नाही. नमुना अध्यक्षांनी जातीनं बसून पसंत केला होता. उद्घाटनाला ताई ऐटीत वर्गात शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. सगळ्या वर्गाचे पाय अधांतरी लोंबत होते. नातीच्या तर पुढच्या फळीवर नुसत्या दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

"हे बाक कुणाच्या मापाचे?" त्यांनी अध्यक्षांना खडसावलं.

"वाढत्या अंगाचे घेतलेत, ताई," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला ताई रोज हेच ऐकवत होत्या. त्यांनी नातीला बाकावरून उतरवलं आणि तिचा घोट्यापर्यंत पोचलेला फ्रॉक जरा वर ओढून घेतला.