मोईन सर आणि आतला माणूस

मोईन सरांच्या जेवणाच्या डब्याला कुलूप आहे. लहानसं, पितळेचं, ट्रंकेला लावतात तसलं. किल्ली गळ्यात, काळ्या दोऱ्यात. डब्यात काय असतं म्हणाल, तर ज्वारीची भाकरी, दोडक्याची नाहीतर मेथीची भाजी आणि एक हिरवी मिरची. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात भीत भीत विचारलं, "सर, डब्याला कुलूप कशाला?"

मिरचीचं देठ मोडत ते म्हणाले, "बाई, बाहेरचा माणूस माझा डबा खायला एवढ्या लांब येत न्हाई. खाईल तो आतलाच."

आमची बियाण्याची कंपनी आहे, जालन्याच्या एमआयडीसीत. मी मूळची चंदगडची. नवरा इथल्या सळईच्या कारखान्यात क्रेनवर होता म्हणून आले, मग त्याची पाठ गेली आणि कामावर जायची पाळी माझ्यावर आली. सातवीनंतर शाळा सुटलेली. झाडलोट, चहा, कागद इकडून तिकडे, असं माझं काम. मला कुणी नुसतं "बाई, जरा इकडं या" म्हटलं तरी मी हातातलं खाली ठेवून आधी पदर सावरते, अजून. पण त्याच ऑफिसात आज मला एक खुर्ची आहे, आणि ती मोईन सरांमुळं आहे. म्हणून हे लिहिते आहे. त्यांची चेष्टा करायला नाही. थोडी होईल, त्याला इलाज नाही, ते आहेतच तसे.

सर आमच्याकडं कॉम्प्युटरचं सगळं बघतात. बदनापूरहून रोज येतात. पासवर्ड टाकायचा झाला की आधी म्हणतात, "सगळे भिंतीकडं." मग खोलीत जो कोण असेल त्यानं तोंड फिरवायचं. एकदा मालकांचा मुलगा, ज्यांना आम्ही छोटे शेठ म्हणतो, तेसुद्धा बराच वेळ कॅलेंडरकडं तोंड करून उभे होते. सरांचा पासवर्ड लांब असतो. शेठ मधे म्हणाले, "झालं का?" सर म्हणाले, "तुमच्याचसाठी करून राह्यलो, शेठ." शेठ पुन्हा कॅलेंडर वाचायला लागले.

एका वर्षी सरांनी जिन्यात एक पेनड्राइव्ह टाकून ठेवला. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली, 'पगारवाढ यादी'. दुपारपर्यंत तो सात जणांनी आपापल्या मशीनला लावून परत जिन्यात नेऊन ठेवला, हे विशेष. लावला की पडद्यावर एकच ओळ यायची, 'येऊन भेटा. मोईन.' सात जण एकेक करून आले. प्रत्येक जण म्हणाला, मी नाही, दुसऱ्यासाठी बघत होतो. सातवे आमचे मॅनेजर बोराडे साहेब. ते म्हणाले, "मी तुमची परीक्षा घेऊन राह्यलो होतो."

आठवी मी. मी तो कुठंच लावला नाही. माझ्याकडं मशीनच नव्हती. केर काढताना सापडला, नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या मशीनच्या खोलीची चावी माझ्या हातात दिली आणि रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची नक्कल कशी काढायची ते शिकवलं. माझ्या नावानं मशीनमधे वेगळं खातं उघडलं. महिनाभर तेच तेच शिकवलं. मी माउस धरायची तो विंचू धरल्यासारखा. ते एकदाही चिडले नाहीत. नुसतं म्हणायचे, "जल्दी न्हाई, बाई. मशीन कुठं जात न्हाई."

आता त्या मोठ्या मशीनविषयी सांगायला हवं. आमच्याकडं जो काही व्यवहार होतो, म्हणजे कुठल्या दुकानदाराची मागणी आली, त्याला कोणत्या लॉटच्या पिशव्या द्यायच्या, कोणत्या गाडीत चढल्या, ते सगळं एका मोठ्या सॉफ्टवेअरमधनं जातं. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं. त्यात एक भोक होतं. सरांनी मला ते असं समजावलं होतं, "घरमालक सकाळी उठतो, उंबऱ्यावर जे ठेवलं असंल ते न बघता तोंडात टाकतो. कोण ठेवलं, काय ठेवलं, काही इच्यारत न्हाई." म्हणजे सॉफ्टवेअर चालू झालं की एका ठरावीक फोल्डरमधे जे काही प्रोग्रॅम असतील ते आपणहून चालवायचं, आणि तेही मालकाच्या हक्कानं. त्या मशीनजवळ बसणाऱ्या कुणालाही त्या फोल्डरमधे काहीही ठेवता यायचं.

"समजा, उगवण चाचणीत नापास झालेला लॉट कुणी पास करून टाकला," सर म्हणायचे, "तर आष्टीच्या शेतकऱ्याला ते कधी कळंल? पेरून बसल्यावर."

तीन वर्षं ते त्या कंपनीला लिहीत होते. तीन वर्षं एकच उत्तर यायचं. याचा गैरवापर करायला माणूस त्या मशीनजवळच असावा लागतो, म्हणून धोका कमी, सवडीनं बघू. सर ते उत्तर मला मराठीत करून सांगायचे आणि थकल्यासारखे हसायचे. "माणूस मशीनजवळच असतो ना, बाई. मशीन काय जंगलात ठेवली?"

बोराडे साहेबांचंही तेच. "मोईन सर, आपली सगळी घरची माणसं. घरच्या माणसावर शक घेता का तुम्ही?"

"घरच्यावरच घ्या लागतो. बाहेरच्याला दार कुठं माहीत हाय?"

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी वजनकाट्यापासून पिशव्या शिवायच्या मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मोठ्या मशीनच्या खोलीला सरांचे नियम असतात. आत धूर नाही, कापूर नाही, नारळ तर बिलकुल नाही. हळदकुंकू चौकटीला. झेंडूचा हार बाहेरच्या कडीला. सर स्वतः हार आणतात, बदनापूरच्या फुलवाल्याकडनं, आणि पूजा होईपर्यंत चपला काढून व्हरांड्यात उभे राहतात.

त्या दिवशी मी ताट घेऊन खोलीकडं निघाले, तर डिस्पॅचचे ढवळे आले. त्यांनी ताटात, सुपारीशेजारी, एक पेनड्राइव्ह ठेवला. "ताई, ह्यात झेंडूच्या फुलांचा प्रोग्रॅम हाय. मोठ्या मशीनवर टाका, सगळ्या पडद्यांवर फुलं पडतेत. सणाचं चांगलं दिसंल."

जिन्यात पडलेलं लावायचं नाही, एवढं मी शिकले होते. पूजेच्या ताटातनं आलेल्या वस्तूला नाही म्हणायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्या पेनड्राइव्हला कुंकूसुद्धा लावलं. मग आत गेले आणि रोज नक्कल काढताना ज्या फोल्डरमधनं जायचे, तिथंच तो प्रोग्रॅम टाकला. मला दुसरा फोल्डर ठाऊकच नव्हता. हाच तो उंबरा, हे मला नंतर कळलं. पडद्यावर फुलं काही पडली नाहीत. ढवळे म्हणाले, जाऊ द्या, बिघडला असंल. मी विसरून गेले.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी सॉफ्टवेअर चालू झालं आणि चौदाच्या चौदा पडद्यांवर वरून खाली झेंडूची फुलं पडायला लागली. आधी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर फोटो काढले. मग कळलं की फुलं थांबत नाहीत. एक पावती केली की फुलं. पुढची केली की परत फुलं. हरभऱ्याच्या बियाण्याचे दिवस, बाहेर गाड्यांची रांग. पिंपळगाव रेणुकाईचे एक दुकानदार खिडकीतनं वाकून म्हणाले, "माल देऊन राह्यले, का सत्कार करून राह्यले?"

सर आले, दारातनं एक पडदा पाहिला आणि तिथंच बाकावर बसले. एवढंच म्हणाले, "फुलं होती म्हणून बरं झालं." मग उठून त्यांनी मोठी मशीन बंद केली. दुपारपर्यंत सगळं काम ठप्प.

बोराडे साहेब हॉलमधे येऊन उभे राहिले. "हे ज्यानं केलं त्याचं नाव मला संध्याकाळपर्यंत पाहिजे. उद्या तो माणूस गेटच्या आत दिसणार न्हाई."

ढवळे माझ्या बाजूनं जाताना पुटपुटले, "ताई, माझं नाव घेऊ नका हो." मी घेणार नव्हते. हात तर माझाच होता. मला नवऱ्याची पाठ दिसत होती, नववीतली मुलगी दिसत होती, कंपनीनं दिलेली खोली दिसत होती.

चार वाजता मी सरांच्या खोलीत गेले. "सर, ते फुलांचं मी टाकलं."

"भिंतीकडं," सर म्हणाले. मी भिंतीकडं तोंड केलं. मागं बटणांचा आवाज चालला होता. मला रडू येत होतं, आणि भिंतीकडं तोंड आहे ते बरं वाटत होतं.

"मला साडेनऊलाच कळलं," ते मागनं म्हणाले. "मशीनमधी लिहून हाय. तुमचं खातं, तुमचा टायम."

"मग सांगितलं का नाही साहेबांना?"

"साहेब इच्यारून राह्यले, कोण ठेवलं. मी तीन वर्षांपासून इच्यारून राह्यलो, ठेवता येतं कसं. आधी माझ्या सवालाचा जवाब येऊ द्या. बसा. पेनड्राइव्ह कुठं हाय? काय काय केलं ते पहिल्यापासून सांगा. कुंकवाचं बी सांगा."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. संध्याकाळी बोराडे साहेब आले. सर म्हणाले, "सगळा अहवाल सॉफ्टवेअरवाल्यांकडं पाठवलाय. नाव घातलंय त्यात. तिकडनं लेखी येईल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत ते भोक बुजवतो. नाव कुठं पळत न्हाई."

ते पुढचे दीड-दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोज चावी लावताना वाटायचं, आज येईल ते लेखी. नाव घातलंय, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि नाव तर माझंच. सरांना विचारायचा धीर होत नव्हता. ते नेहमीसारखेच होते. फक्त नक्कल काढायची नवी रीत त्यांनी मला परत पहिल्यापासून शिकवली, आणि काढून घेतील वाटलेली चावी माझ्याकडंच ठेवली.

मग एका दुपारी ते पत्रक आलं. सॉफ्टवेअरच्या कंपनीनं दोष मान्य केला होता, दुरुस्ती पाठवली होती, आणि जिथं जिथं हे सॉफ्टवेअर चालतं त्या सगळ्यांना ती लगेच बसवा म्हणून कळवलं होतं. बोराडे साहेबांनी पत्रक हॉलमधे सगळ्यांसमोर वाचायला घेतलं, इंग्रजीतनं, मधे मधे मराठीत सांगत. गुन्हेगाराचं नाव शेवटी असणार म्हणून ते शेवटाकडं घाईनं आले.

शेवटची ओळ त्यांनी वाचली, थांबले, परत वाचली. मग मराठीत म्हणाले, "हा दोष शोधल्याबद्दल... शेवंता गावडे, जालना, यांचे आभार."

छोटे शेठ आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "गावडे म्हणजे आपल्या बाई?"

"बाईच," सर कोपऱ्यातनं म्हणाले. "त्यांनी करून दाखवलं तवा सॉफ्टवेअरवाल्यांना पटलं. असले दोष जो शोधतो त्याचं नाव घालायची पद्धत हाय त्यांची."

शेठनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि म्हणाले, "चांगलं झालं, बाई." त्यानंतर गेटचा विषय कुणी काढला नाही. बोराडे साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. थोड्या वेळानं तो काढून माझ्या हातात देत म्हणाले, "मला तुमच्यावर आधीपासून भरवसा होता." ढवळ्यांनी त्या दिवशी चहा स्वतः आणला.

मी संध्याकाळी सरांकडं गेले. "सर, तीन वर्षं तुम्ही लिहीत होता. ते नाव तुमचं पाहिजे होतं."

"मी नुसतं सांगितलं. झालं तुमच्या हातून. खोटं न्हाई लिहिलं मी, सगळं जसं झालं तसं लिहिलं. कुंकवाचं बी."

"तरी पण."

ते टेबलावरची वायर गुंडाळायला लागले. "माझं नाव आलं असतं तर ते घरी नेऊन कुणाला दाखवलं असतं, बाई? अम्मी गेल्यापासून घरात मी अन् पंखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला आत गेले, तर सर माझ्या आधी येऊन बसलेले. समोर काही काम नव्हतं.

"पोरीला दाखवलं का?"

"दाखवलं, सर."

"मंग? काय म्हणली?"

"तिनं वाचून दाखवलं सगळ्यांना. तिचे बाबा उठून बसले. शेजारच्या घरी जाऊन वाचलं."

"इंग्रजीतनं?"

"हो. इंग्रजीतनं."

सरांनी खुर्ची थोडी माझ्याकडं वळवली. "अडखळत, का एका दमात?"

"एका दमात."

"जालना पण वाचलं?"

"जालना पण वाचलं."

त्यांनी मान हलवली. मी झाडू घेतला. खोलीचा निम्मा केर काढून झाला असेल, तर ते म्हणाले, "शेजारच्या घरी गेल्ती, ते परत सांगा. दार कोण उघडलं?"