फुकटातले तीन पहारेकरी

कंप्युटरच्या मासिकासोबत फुकट आलेली सीडी कमलाकर भोईरांनी मशीनमध्ये सरकवली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गावदेवी मंडळाची कबड्डी स्पर्धा संध्याकाळी सहाला सुरू होणार होती आणि बत्तीस संघांपैकी कोण कोणाशी भिडणार, हे त्याच मशीनमध्ये होतं. गेल्या वर्षी चिठ्ठ्या अध्यक्ष काळूराम पाटलांच्या घरी निघाल्या आणि त्यांच्या मेव्हण्याच्या संघाला दर फेरीत मरतुकडेच संघ भेटले. त्यावरून मैदानात खुर्च्या उडाल्या होत्या. म्हणून यंदा ड्रॉ कंप्युटरवर, भोईरांकडे. पण काल भोईरांच्या ऑफिसात व्हायरस सापडला होता, आणि परवाच तिथली एक फ्लॉपी त्यांनी घरी आणून लावली होती.

"सीडीवर तीन अँटीव्हायरस आहेत," ते म्हणाले.

"मग त्यातला चांगला कुठला?" त्यांच्या पत्नी चंद्रावतीबाईंनी विचारलं. त्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत.

"तिन्ही फुकट आहेत. तिन्ही टाकू."

चंद्रावतीबाईंनी चष्मा लावून स्क्रीन वाचला. "अहो, यात लिहिलंय, दुसरा कुठलाही असेल तर आधी काढून टाका."

"लिहिणारच! शेजारच्या दुकानातून घ्या, असं कुठला दुकानदार सांगेल?"

पहिल्याने अर्धा तास मशीन तपासून व्हायरस नसल्याचं सांगितलं. भोईरांनी खात्रीसाठी दुसरा टाकला. त्याला लगेच व्हायरस सापडला. पहिल्या अँटीव्हायरसमध्येच!

"बघितलंस? चोरालाच पहाऱ्याला बसवला होता!" भोईरांनी पहिल्याला पुसून टाकलं. खूश होऊन दुसऱ्याने विचारलं, सगळ्या फाइलींना संरक्षण देऊ का? भोईर म्हणाले, दे. त्याने प्रत्येक फाइलीला आपली खूण चिकटवली.

मग तिसरा आला. ती खूण त्याला ओळखीची नव्हती. त्याच्या मते मशीनमधल्या झाडून सगळ्या फाइली रोगट होत्या. काढून टाकू का, असं त्याने नम्रपणे विचारलं.

"थांबा!" चंद्रावतीबाई ओरडल्या, पण भोईर कुठलंही बटण ठामपणेच दाबत.

साडेचारला कंप्युटर स्वच्छ झाला. इतका, की आत काहीच उरलं नाही.

पाच वाजता काळूराम दारात. "कमलाकरशेट, कागद द्या. पोरं मैदानावं जमलीत."

भोईरांनी रिकाम्या स्क्रीनकडे पाहिलं. मैदानावर बत्तीस संघ आणि गेल्या वर्षीच्या त्याच खुर्च्या! पण चेहऱ्यावर त्यांनी सुरकुती पडू दिली नाही. "कागद नाही. ड्रॉ मैदानातच काढायचा, सगळ्यांसमोर."

"आँ? कंप्युटर हाय ना?"

"त्याने आपलं काम केलंय."

तोवर चंद्रावतीबाईंनी संघांचे प्रवेशअर्ज घेतले होते आणि प्रत्येकावरचं नाव कात्रीने कापून त्या घड्या घालत होत्या. मैदानात त्यांनी स्टीलचा डबा मधोमध ठेवला. भोईरांनी माईक हातात घेतला आणि ही कल्पना सहा महिन्यांपासून डोक्यात असल्यासारखं भाषण ठोकलं. एकेका कप्तानाने येऊन चिठ्ठी उचलली. तक्रारीला जागाच उरली नाही. मेव्हण्याच्या संघाला पहिल्याच फेरीत गतविजेते आले आणि अर्ध्या तासात तो संघ घरी गेला.

तीन दिवस स्पर्धा शांततेत पार पडली. लोकांनी भोईरांना हार घातला.

चौथ्या दिवशी सकाळी काळूराम पेढे घेऊन आले. "शेट, आमी ठरवलंय. फुडच्या साली ह्या चिठ्ठ्या नाय. लोकांसमोर लय भानगड व्हते. ड्रॉ तुमच्या मशिनीवंच काढा."

"मशीनवर?"

"हा. आनि काढताना मी सोता बाजूला बसंन. मेव्हणापन येल. तुमी कंप्युटरातलं मोठं मानूस, तुमाला काय कठीन हाय?"

भोईरांनी पेढ्यांचा पुडा अलगद त्यांच्याकडे परत सरकवला.

"अध्यक्ष," ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "मला कंप्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नाही."

आतल्या खोलीत वह्या तपासणाऱ्या चंद्रावतीबाईंच्या हातातलं लाल पेन थबकलं. बावीस वर्षांच्या संसारात हे असलं वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.