कर्मचारी क्रमांक ४१७

“अर्ध्या तासाचं काम!” सर्व्हरवाला छाती फुगवून म्हणाला. “तिन्ही अ‍ॅप्लिकेशनचे लॉग वेगळे करतो. तू आपली खुशाल वाचत बस!”

हे तो म्हणाला ग्रंथपाल बाईंना, म्हणजे स्वतःच्याच बायकोला. दोघं एकाच कॉलेजात. ती तळमजल्यावर पुस्तकांत, हा दुसऱ्या मजल्यावर सर्व्हरपाशी. सगळे त्याला सर्व्हरवाला म्हणत आणि त्याला ते मनातून आवडायचं. सर्व्हर एकच, पण त्यावर जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेली तीन अ‍ॅप्लिकेशन्स नांदत होती: ग्रंथालय, परीक्षा आणि रजा. कुणी काय केलं, कुठे अडलं, ते तिघंही ओळीओळीने एकाच फाइलीत लिहून ठेवत. या नोंदी म्हणजे लॉग. हल्ली ग्रंथालयाचं अ‍ॅप्लिकेशन दिवसातून चारदा मान टाकायचं. शेवटी बाई थेट कॉलेजच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि साहेबांनी हुकूम सोडला, “बाईंना लॉग दाखवा!”

म्हणूनच सर्व्हरवाल्याला लॉग वेगळे करायची एवढी घाई. कारण त्याच फाइलीत रजेच्याही नोंदी होत्या!

गेली सहा वर्षं तो घरी एकच रडगाणं गात होता. “काय करू, सर्व्हर सोडून जायला मला साहेब रजाच देत नाहीत गं!” खरी गोष्ट अशी, की पठ्ठ्याने रजा कधी मागितलीच नव्हती. रजा घेतली की सासुरवाडीला जाणं आलं. तिथे सासरेबुवा बिघडलेल्या वस्तू जावयासाठी जपून ठेवत. मिक्सर, पंखा, एकदा तर दाराची कडी! “जावईबापू कॉम्प्युटरमधले आहेत, त्यांना सगळं कळतं.” येत्या आठवड्यात धाकट्या मेहुणीचं लग्न होतं. त्यालाही बायको एकटीच निघाली होती, साहेबांच्या नावाने बोटं मोडत. तेव्हा लॉग वेगळे होणं भाग होतं, नाहीतर संसारच वेगळा व्हायचा.

त्याने प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतंत्र सेटिंग दिलं, स्वतंत्र फाइल दिली. ग्रंथालयाच्या फाइलीची लिंक बायकोला ऐटीत पाठवूनही दिली, म्हणजे तिला हवं तेव्हा ताजा लॉग बघता येईल. मग सर्व्हर बंद करून चालू केला आणि चाचणी म्हणून रजेचं अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या खात्यातून उघडलं. रजेची फाइल कोरी! पुन्हा उघडलं. कोरी! असं त्याने सहा वेळा केलं. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, माझ्या फाइलीत एकच ओळ सारखी येतेय. ‘कर्मचारी ४१७, शिल्लक ११२, अर्ज ०.’ हे कोण?”

त्याने झटकन रजेचं अ‍ॅप्लिकेशन बंद केलं.

“ते... ते चाचणीसाठी. खोटा माणूस घालून बघतात.”

“खोटा माणूस होय?”

“अगदी खोटा!”

नोंदी नेमक्या जातात कुठे हे शोधायला त्याने लॉगचा तपशील वाढवला आणि रजेचं अ‍ॅप्लिकेशन पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. ही सर्वांत मोठी घोडचूक! आता प्रत्येक ओळ ऐसपैस लिहिली जाऊ लागली. पुन्हा फोन.

“तुमचा हा खोटा माणूस भलताच कामसू दिसतो. एकशे बारा दिवस रजा शिल्लक, आणि सहा वर्षांत एकदाही मागितली नाही!”

“आदर्श कर्मचारी आहे तो. नमुन्यादाखल घेतलाय.”

“नमुनाच आहे,” बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याने सगळी सेटिंग्ज पुन्हा तपासायला घेतली. शेजारच्या टेबलावर परीक्षेचं अ‍ॅप्लिकेशन सांभाळणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मान लांबवून त्याच्या पडद्यात पाहिलं.

“अहो, लॉग लिहिणारी लायब्ररी, म्हणजे तो तयार कोड, तुम्ही सामायिक फोल्डरमध्ये ठेवलीय! म्हणजे तिघांत कारकून एकच. जे अ‍ॅप्लिकेशन शेवटी सुरू होतं, त्याच्याच वहीत तो सगळ्यांचं लिहितो. इथली काढा आणि प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र प्रत ठेवा.”

शेवटी सुरू होत होतं ग्रंथालय!

पण प्रती ठेवायला वेळ कुणाला होता? त्याने आधी ग्रंथालयाची फाइल उघडली आणि ४१७च्या सगळ्या ओळी वेचून वेचून खोडल्या. अडतीस होत्या. शेवटची खोडून खुर्चीत मागे टेकतो न टेकतो, तोच फोन.

“अहो, त्या ओळी गायब झाल्या की!”

“बरं झालं ना? कटकट गेली!”

“मी छापून ठेवल्या होत्या. साहेबांच्या केबिनमध्ये आहे. तुम्हीही या.”

केबिनमध्ये बायको कागद घेऊन बसली होती. साहेबांनी एकदा कागदाकडे पाहिलं आणि एकदा सर्व्हरवाल्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. त्यावर क्रमांक ठसठशीत छापलेला होता. त्याने ते हाताने झाकलं, पण आता त्याचा काय उपयोग!

“सहा वर्षं मी या माणसाला शिव्या दिल्या,” बायको साहेबांकडे हात करून हळू आवाजात म्हणाली. “समोरून आले तर तोंड फिरवलं. आत्ता माफी मागितली त्यांची.”

ती ओरडली असती तर परवडलं असतं. सर्व्हरवाल्याला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत.

“अर्ज करा,” साहेब म्हणाले.

“पंधरा दिवसांचा,” बायको म्हणाली. “बाबांनी वॉशिंग मशीन उघडून ठेवलंय.”

“पण साहेब, लॉग अजून वेगळे व्हायचेत...”

“ते परीक्षेच्या बाईंनी केले. आत्ताच त्यांचा मेसेज आलाय.”

“मी नसताना काही अडलं तर?”

“तुम्ही असताना जेवढं अडतं, तेवढं नाही अडणार.”

त्याने तिथल्याच कॉम्प्युटरवर अर्ज भरला. साहेबांनी आपल्या पडद्यावर ‘मंजूर’ दाबलं. सगळं मिळून दीड मिनिट.

“तुमच्याही अर्जाला एवढंच लागतं होय?” बायकोने विचारलं.

त्याने मुकाट्याने सासरेबुवांना फोन लावला आणि विचारलं, “बाबा, मशीन नुसतं घुंई करतं, की फिरतच नाही?”