चिठ्ठ्या तीन, पत्ता एक

पडदेवाल्याचं एक ठाम मत होतं. पडदे काय, कुणीही शिवेल! धंदा चालतो तो ओळखींवर. "आणि ओळखी म्हणाल," तो कॉलर सरळ करत सांगायचा, "तर आपल्याकडे पोत्याने आहेत!"

ते पोतं कुणी उलटं करून झटकलं असतं, तर त्यातून मोजून दोन माणसं पडली असती. एक आत्या, जिच्या घरी तो राहत होता. आणि दुसरा दुकानाशेजारचा इस्त्रीवाला.

तर हा गृहस्थ गुरुवार मंडळात दाखल झाला. छोटे धंदेवाले, एकट्याने कामं घेणारे, अशी पंधरा-वीस माणसं दर गुरुवारी सकाळी आठला एका चहाच्या दुकानाच्या माळ्यावर जमत आणि एकमेकांना सल्ले देत. सल्ल्यांना तोटा नव्हता! फोटोवाल्याने झुरळवाल्याला सांगितलं, "तुमचं कार्ड फार भीतीदायक आहे हो, जरा हसरं करा." झुरळवाल्याने लगेच कार्डावर हसरं झुरळ छापलं. ते लोकांना इतकं आवडलं, की मारायला कुणी बोलवेना.

मंडळाचा नियम एकच, पण कडक. दर गुरुवारी डब्यात एक तरी चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीत दुसऱ्या सभासदासाठी गिऱ्हाईक: पत्ता, फोन आणि काय काम आहे ते. सलग तीन गुरुवार चिठ्ठी नाही, तर चौथ्या गुरुवारी खुर्ची नाही! पडदेवाल्याचे दोन गुरुवार कोरडे गेले होते. आणि नेमक्या तिसऱ्या गुरुवारी लॉजवाल्या बाई बोलायला उभ्या राहिल्या.

"माझ्या लॉजच्या साठ खिडक्यांना नवे पडदे हवेत. काम मंडळातल्याच माणसाला देईन. पण जो दुसऱ्यांना कामं मिळवून देतो, त्यालाच! शनिवारी बारा वाजता दुकानात येते."

साठ खिडक्या! पडदेवाल्याच्या डोळ्यांपुढे साठ पडदे एकदम फडफडले. "एक कशाला," तो ओरडला, "आज तीन चिठ्ठ्या टाकतो!"

आणि टाकल्या की! नळवाल्यासाठी: 'एक वयस्कर बाई. नळ गळतो.' झुरळवाल्यासाठी: 'माझा जिवलग मित्र. घरात फार झुरळं.' फोटोवाल्यासाठी: 'थोर घराण्यातल्या बाई. फोटो काढून हवा.' पत्ता तिन्हींवर एकच, स्वतःच्या घराचा. फोन आत्याचा. मंडळातल्या कुणी त्याचं घर पाहिलेलं नव्हतं. सोमवारी एकाला निभावू, मंगळवारी दुसऱ्याला, हाय काय नाय काय! टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत्याला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आत्याने पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. फोन वाजला की तिच्या अंगात वीज यायची. एका दुपारी तीन अनोळखी माणसांचे तीन फोन आले. ती जराही गडबडली नाही. तिघांनाही तिने शनिवारी अकराची वेळ दिली. का? तर चहा एकदाच टाकायला लागतो!

मग तिने विचार केला. नळ दुरुस्त करायचा, झुरळं घालवायची, घरच्या वडीलधाऱ्या बाईचा फोटो काढायचा... याचा अर्थ काय? अर्थ सरळ होता. भाच्याचं लग्न ठरलं होतं! मेला लाजतोय म्हणून सांगत नाहीये.

शनिवारी पावणेअकराला दुकानात फोन वाजला.

"अरे, साखर घेऊन ये. तिघं येताहेत ना अकराला! आणि तो निळा शर्ट बदल, पडेल दिसतोस त्यात."

पडदेवाल्याने शटर ओढलं आणि जो धावत सुटला, तो थेट घरात. पाठोपाठ नळवाला. त्याला त्याने स्वयंपाकघरात ढकलला. झुरळवाला आला, त्याला झोपायच्या खोलीत घातला. फोटोवाला आला, त्याला गॅलरीत उभा केला. "उजेड बघा हो, उजेड! नीट बघा, घाई नाही!" एकाने दुसऱ्याला बघता कामा नये, एवढंच त्याचं धोरण होतं. तिन्ही दारं लावून तो असा धापा टाकत होता, जसं काही घरात तीन वाघ कोंडलेत.

स्वयंपाकघरातून हाक आली. "साहेब, हा नळ गळत नाहीये!"

"गळेल हो! जरा थांबा!"

"दोन्ही नळ ठणठणीत आहेत."

"वरवर बघू नका. खोलून बघा!"

नळवाल्याने खोलून बघितलं. नळ म्हातारा होता, पाना लागल्याबरोबर मानेसकट हातात आला. पाण्याचा लोट उसळला! पडदेवाल्याने झेप घेऊन भोकावर अंगठा दाबला.

"असंच धरा," नळवाला म्हणाला. "मेन कॉक कुठे आहे ते बघून येतो." आणि तो जिना उतरून गेला.

आता ऐका. पडदेवाला अंगठा दाबून उभा, नखशिखांत ओला. आणि बाहेरच्या खोलीत लॉजवाल्या बाईंचा आवाज! बाई वेळेआधीच दुकानावर गेल्या होत्या, शटर बंद बघून इस्त्रीवाल्याला विचारलं होतं, आणि त्या परोपकारी माणसाने त्यांना घरचा रस्ता दाखवला होता.

"या, या!" आत्या म्हणाली. तिने बाईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं असणार. "जरा वयाने मोठ्या दिसता. पण आमचं काही म्हणणं नाही."

"वयाचं काय, काम महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "माझ्या साठ खिडक्या आहेत."

"साठ! अगंबाई, मग हा तिकडेच राहायला येणार?"

"दोन महिने तरी यावंच लागेल."

"दोनच महिने?"

"बरं वाटलं तर पुढेही ठेवीन. आधी दोघांचा फार वाईट अनुभव आलाय मला."

"दोघांचा?" आत्याचा आवाज बारीक झाला.

"पहिला मापात कमी पडला. दुसरा काम अर्धवट टाकून पळाला."

"आत्याऽऽ!" पडदेवाला आतून किंचाळला.

"आलेच हं! लाजतोय," आत्या बाईंना म्हणाली.

एवढ्यात झोपायच्या खोलीत झुरळवाल्याने फवारा मारला. झुरळं असतील तर ना! पण खोलीला लागून असलेल्या मोरीच्या जाळीखाली त्यांचं एक अख्खं गाव वसलेलं निघालं, आणि ते गाव एका दमात उठून स्वयंपाकघराकडे निघालं. त्यातलं एक पडदेवाल्याच्या पायावरून थेट गुडघ्यापर्यंत चढलं. त्याने उडी मारली. अंगठा सुटला!

पुढची दोन मिनिटं काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. पाणी छताला लागलं, धूर दाराबाहेर आला, आणि सगळे खोकत, घसरत, एकमेकांच्या बाह्या धरून रस्त्यावर पोचले. फोटोवाला तेवढा शुद्धीवर होता. त्याने फोटो काढला.

नळवाला कॉक बंद करून आला आणि म्हणाला, "पण ती वयस्कर बाई कुठाय?"

"वयस्कर कोणाला म्हणतोस रे?" आत्या उसळली.

"आणि माझ्या थोर घराण्यातल्या बाई?" फोटोवाल्याने विचारलं.

"त्या मी!"

झुरळवाल्याने चिठ्ठी काढली. "आणि हा जिवलग मित्र?"

सगळे पडदेवाल्याकडे बघायला लागले. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं.

"तो... मीच," तो म्हणाला. "माझं माझ्याशी फार पटतं."

आत्याने बाईंचा हात धरला. "म्हणजे तुम्ही याच्याशी लग्न करणार नाही?"

"अहो, पडदे लावून घ्यायचे की नाही ते अजून ठरलं नाही," बाई कडाडल्या, "लग्न कुठलं!"

पडदेवाल्याने डोळे मिटले. गेल्या साठ खिडक्या! गेली खुर्ची! पण तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर धोतरासारखा टॉवेल सावरत बाहेर आले. "छतातून पाणी येतंय! आणि नळीवाटे झुरळं उतरतायत!"

आत्याने पदर खोचला. "सर, हा नळवाला. सज्जन माणूस आहे, माझा नळ मुळापासून काढला त्याने! आणि झुरळं ना? हे आहेत की!" पाच मिनिटांत तिने अख्ख्या इमारतीला हाका मारल्या. नळवाल्याला दोन घरं मिळाली. झुरळवाल्याला चार, कारण गाव चार घरांत विखुरलं होतं. फोटोवाल्याने काढलेला तो फोटो बघून लॉजवाल्या बाई इतक्या हसल्या, की लॉजच्या खोल्यांचे फोटो काढायला त्यांनी त्यालाच सांगितलं.

"चिठ्ठ्या खोट्या होत्या," झुरळवाला वही काढत म्हणाला, "पण कामं खरी आहेत बुवा! मंडळाकडून माफ!"

पडदेवाल्याने ओली कॉलर सरळ केली आणि बाईंकडे वळला. "मग पडद्यांचं बघायचं का?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "आत्याबाई, तुम्ही खरं सांगा. याचं काम कसं आहे?"

"काय सांगू!" आत्या म्हणाली. "सात वर्षं पडदेवाला भाचा घरात आहे, आणि माझ्या चार खिडक्यांपैकी एकीलाही पडदा नाही! दुपारी छत्री उघडून झोपते मी."

बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. आधी या चार खिडक्या. आत्याबाई 'छान' म्हणाल्या, तर लॉजच्या साठ.

चार खिडक्या म्हणजे दोन दिवसांचं काम! पडदेवाल्याने निळे पडदे शिवले. पण आत्याकडे आता मंडळातल्या सगळ्यांचे नंबर होते, आणि सल्ला मागितला तर नाही म्हणणारं मंडळात कुणी नव्हतं. फोटोवाला म्हणाला, निळ्याने चेहरे आजारी दिसतात. पांढरे शिवले. नळवाला म्हणाला, पांढऱ्यावर पाण्याचे डाग पडतात. तपकिरी शिवले. झुरळवाला कळवळून म्हणाला, "तपकिरी नको हो, त्यावर झुरळ ओळखू येत नाही!"

चौथ्या खेपेला फिकट हिरवा लागला. आत्याने तो लांबून बघितला, जवळून बघितला, आणि म्हणाली, "छान!"

पडदेवाला कात्री तशीच खिशात खुपसून पळत लॉजवर गेला. बाई फोन खाली ठेवत होत्या.

"झालं!" तो धापा टाकत म्हणाला. "हिरवा! छान म्हणाली!"

"हो, आत्ताच बोलणं झालं आमचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही निघाल्यावर त्यांनी शिकवणीवाल्या सरांना विचारलं."